एका गायकाचा भक्त

ज्या माणसाची हकीकत आज मी सांगणार आहें, त्याला मोठा गवई असें कोणी म्हणत नसे. तो स्वतःहि म्हणत नसे. त्याचा सूर बहुधा नेमक्या जागेच्या किंचित् खालीं लागे, गळा जाड होता, आणि ताना-पलटे घेण्याची शक्ति त्यांत मुळींच नव्हती. आपल्याविषयीं तो विनोदानें सांगत असे कीं, दारूच्या गुत्त्यांत माझी तबकडी वाजूं लागली म्हणजे तेथें बसलेला प्रत्येक पुरुष शेजारच्या स्त्रीला म्हणतो, याच्याहून मी बरा गातों. आणि त्याचें म्हणणें बहुतेक खरेंच असतें! या गृहस्थाचें नांव अर्नेस्ट टब. जन्म ९ फेब्रुवारी १९१४, अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांत, क्रिस्प नांवाच्या खेड्याजवळ. मृत्यु ६ सप्टेंबर १९८४, टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं. मधल्या सत्तर वर्षांत त्यानें पुष्कळ मिळविलें. १९४३ सालीं नॅशव्हिलच्या नभोवाणीवरील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या अतिशय लोकप्रिय जलशांत त्याला कायमचें स्थान मिळालें. १९४७ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या ज्या कार्नेगी हॉलमध्यें एरवीं युरोपांतील अभिजात संगीताच्या बैठकी होत, तेथें तो आपल्या मंडळीसह गायिला. १९६५ सालीं त्याच्या क्षेत्रांतील अत्युच्च सन्मान त्याला देण्यांत आला. परंतु त्याचें गाणें हा माझा आजचा विषय नाहीं. त्यानें दुसऱ्या एका गायकावर आयुष्यभर जी भक्ति केली, ती भक्ति, आणि तिनें त्याचें काय केलें, हा माझा विषय आहे.

‘चाहता’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. तिकीट काढून टाळ्या वाजविणारा तो चाहता, आणि ज्याच्यावांचून दिवस सुना जातो तोहि चाहताच. माझें सारें आयुष्य शाळेंत गेल्यामुळें मला या ठिकाणीं आमचाच एक शब्द जवळचा वाटतो. तो म्हणजे कित्ता. मास्तर वळणदार अक्षर काढून देतो, आणि मूल त्याच्या खालीं तसेंच अक्षर काढूं पाहतें. पहिल्या ओळींत तें मास्तरांच्या अक्षराकडे पाहतें; चौथ्या-पांचव्या ओळीस आलें कीं, वरच्या आपल्याच ओळीकडे पाहूं लागतें. पान संपतें तेव्हां मास्तरांचें वळण हरवलेलें असतें, आणि मुलाचा स्वतःचा हात कागदावर उमटलेला असतो. आम्ही त्यावर लाल शाईनें खूण करीत असूं. ती नेहमींच न्यायाची होती काय, असा विचार टबची हकीकत वाचतांना माझ्या मनांत आला खरा.

आतां ज्याचा हा कित्ता, त्या गायकाकडे वळूं. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गोऱ्या शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या गाण्याला आज ‘कंट्री म्यूझिक’ म्हणतात. परंतु १९२० नंतरच्या दशकांत शहरवासी त्याला ‘हिलबिली’, म्हणजे डोंगराळ गांवढळांचें गाणें, असें हिणवीत असत. या गाण्याचा पहिला सर्वमान्य नायक जिमी रॉजर्स. त्याचा जन्म ८ सप्टेंबर १८९७ रोजीं झाला. मिसिसिपी संस्थानांतील मेरिडियन हें त्याचें गांव. बाप रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम. आई लहानपणींच वारलेली. पोरवयांतच जिमी त्या टोळीला पाणी पाजण्याचें काम करूं लागला. टोळींतले मजूर कृष्णवर्णी होते. रूळ सरकवितांना सर्वांच्या पहारींचा जोर एकाच क्षणीं लागावा म्हणून ते तालावर गात, आणि पाण्याची बादली घेतलेला हा गोरा मुलगा तें ऐके. पुढें तो आगगाडीवर ब्रेकवाला झाला. या नोकरींत माल-डब्यांच्या टपावरून धांवत जाऊन हातानें ब्रेक आवळावयाचे असत. थंडी, पाऊस, धूर सारें अंगावर घ्यावयाचें. १९२४ सालीं त्याला क्षयानें गांठलें. क्षयाला त्या काळीं उपाय नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागावयास १९४३ साल उजाडावें लागलें. रेल्वेचें काम अंगाला झेपेना, तेव्हां गाणें हेंच पोटाचें साधन करावयाचें त्यानें ठरविलें. ज्याचीं फुप्फुसें झिजत चाललीं आहेत, त्यानें श्वासावर चालणारा धंदा पत्करावा, हा प्रकार मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर ब्रिस्टल नांवाचें शहर आहे. १९२७ सालच्या उन्हाळ्यांत राल्फ पिअर नांवाचा एक चतुर गृहस्थ व्हिक्टर कंपनीच्या वतीनें तेथें आला, आणि टोप्यांच्या एका जुन्या वखारींत त्यानें ध्वनिमुद्रणाचें यंत्र मांडलें. ४ ऑगस्ट रोजीं जिमीनें तेथें दोन गाणीं गायिलीं व शंभर डॉलर घेतले. त्याच आठवड्यांत त्याच वखारींत ‘कार्टर कुटुंबा’चींहि गाणीं घेतलीं गेलीं, म्हणजे कंट्री संगीताचीं दोन्ही मूळ पीठें एका आठवड्याच्या आंत एका छपराखालीं स्थापन झालीं! त्या पहिल्या दोन गाण्यांचा फारसा बोलबाला झाला नाहीं. परंतु नोव्हेंबरांत त्यानें कॅम्डन येथें ‘ब्लू योडल’ हें गाणें दिलें, आणि पुढल्याच वर्षीं त्याचें नांव घरोघर झालें.

‘योडल’ म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगावयास हवें. छातींतून येणारा स्वर एकाएकीं तुटून वरच्या, बारीक, काहीशा बायकी स्वरांत उडी घेतो आणि तितक्याच चपळाईनें खालीं येतो. आल्प्स पर्वतांतील गुराख्यांची ही रीति. हिंदी चित्रपटांतून किशोरकुमारांच्या कंठानें हा प्रकार आपल्याकडे घरोघर पोहोंचविला आहे, तेव्हां श्रोत्यांना तो अपरिचित नाहीं. जिमीनें केलें तें असें कीं, कृष्णवर्णी मजुरांच्या ‘ब्लूज’ या दुःखगीतांचा सांगाडा घेतला आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटीं ही उडी ठेवून दिली. शब्द संपतात, पण मनांतलें कांहीं उरलेलें असतें, तें जणूं त्या उडींतून बाहेर पडतें. ऐकणाऱ्याला पहिल्यांदां हंसूं येतें. दुसऱ्यांदां येत नाहीं.

त्याच्या गाण्यांचे विषय सांगितले कीं त्याचे श्रोते कोण असतील हें वेगळें सांगावें लागत नाहीं. आगगाडीवर फुकट बसून काम शोधीत हिंडणारा माणूस, तुरुंगांतला कैदी, दूर राहिलेली आई, फसविणारी स्त्री. १९३१ सालीं तर त्यानें आपल्या क्षयावरच गाणें गाऊन टाकलें. ज्या रोगाचें नांव घरांत मोठ्यानें उच्चारीत नसत, त्या रोगाचा उल्लेख विकत मिळणाऱ्या तबकडीवरून ऐकूं यावा, तोहि रोग्याच्याच मुखानें, आणि कुरकुरीशिवाय! माझ्या मतें त्याच्या लोकप्रियतेचें खरें बीज येथें आहे. तो श्रोत्यांचें सांत्वन करीत नसे. त्यांच्याच बांकावर येऊन बसे.

येथें थोडा हिशेब केल्याशिवाय मास्तराला चैन पडणार नाहीं. व्हिक्टरच्या तबकडीची किंमत पाऊण डॉलर, म्हणजे ७५ सेंट होती. १९३१-३२ च्या मंदींत कापसाचा भाव पौंडास पांच-सहा सेंटांवर उतरला. म्हणजे एक तबकडी घ्यावयाची तर दक्षिणेंतील शेतकऱ्याला सुमारें बारा ते पंधरा पौंड कापूस मोजून द्यावा लागे, आणि तो वेंचतांना बोटें रक्ताळत तें वेगळेंच. अमेरिकेंत १९२७ सालीं सुमारें १० कोटी तबकड्या खपल्या होत्या. १९३२ सालीं तो खप ६० लाखांच्या आसपास आला. अशा दिवसांत जिमीच्या तबकड्यांचाहि खप घटला. परंतु थांबला नाहीं. खेड्यांतील दुकानांत गिऱ्हाईक येऊन पीठ, साखर, रॉकेल आणि जिमी रॉजर्सची नवी तबकडी अशी यादी सांगे, अशी एक गोष्ट तिकडे परंपरेनें चालत आलेली आहे. ती अक्षरशः खरी नसेलहि. पण लोकांनीं ती त्याच्याविषयींच रचली, दुसऱ्या कोणाविषयीं रचली नाहीं, हेंहि इतिहासच आहे.

मे १९३३ मध्यें, प्रकृति पार ढासळली असतांना, जिमी शेवटचीं गाणीं देण्यासाठीं न्यूयॉर्कला गेला. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत त्याच्यासाठीं एक खाट टाकलेली होती. एक गाणें झालें कीं तो तिच्यावर आडवा होई, आणि श्वास बसला कीं उठून पुढचें गाई. २४ मे रोजीं शेवटचें गाणें झालें. २६ मे रोजीं टॅफ्ट हॉटेलांत त्याचा अंत झाला. वय अवघें पस्तीस. सहा वर्षांच्या आंत शंभराहून अधिक गाणीं मागें ठेवून तो गेला, आणि ज्या आगगाडीच्या चाकरीवर त्याचें नांव झालें तिनेंच त्याचें शव मेरिडियनला पोहोंचविलें.

त्या दिवशीं अर्नेस्ट टब एकोणीस वर्षांचा होता. चवदाव्या वर्षाच्या सुमारास त्यानें जिमीची तबकडी प्रथम ऐकली होती, आणि तेव्हांपासून त्याला दुसरें कांहीं सुचेनासें झालें होतें. शेतीवर राबणाऱ्या गरीब घरांतला हा मुलगा, शाळा थोडकी, आईबाप विभक्त झालेले. तबकडी पुन्हां पुन्हां लावून त्यानें तीच उडी, तोच शब्दांचा हेल, तीच गिटारीची ठेवण गळ्यांत आणि बोटांत उतरविण्याचा हव्यास धरला. जिमीला त्यानें कधीं प्रत्यक्ष पाहिलें नाहीं. आणि दैवाचा खेळ पाहा: जिमी अखेरच्या काळांत टेक्ससमधील ज्या सॅन अँटोनियो शहरीं राहत होता, त्याच शहरांत पुढें टब पोटासाठीं आला, तेव्हां गुरु जग सोडून गेला होता. दिवसा मजुरी करावी आणि एका लहानशा नभोवाणी केंद्रावर जिमीचीं गाणीं जिमीसारखींच गावींत, असा त्याचा क्रम चालला.

१९३६ सालीं त्यानें एक धाडस केलें. जिमीची विधवा कॅरी ही त्याच शहरांत राहत होती. टबनें तिला टेलिफोन केला आणि जिमीची एक तसबीर मिळेल काय, असें विचारलें. मागणें एवढेंच. त्या बाईची परिस्थिति त्या वेळीं कांहीं सुखाची नव्हती. नवऱ्याच्या दुखण्यांत आणि उदार हातांत मिळकत बरीचशी वाहून गेली होती. १९३५ सालीं तिनें नवऱ्याचें चरित्र लिहून प्रसिद्ध केलें होतें. असें असतां हा अनोळखी, उंच, लाजराबुजरा तरुण तिनें घरीं येऊं दिला. तसबीर दिली. त्याचें नभोवाणीवरील गाणें ऐकलें. आणि पुढें, श्रोतेहो, तिनें जिमीची गिटारच त्याच्या हातीं ठेवली.

ही गिटार साधी नव्हे. मार्टिन कंपनीनें १९२८ सालीं ती जिमीसाठीं मुद्दाम घडविली होती. तिच्या मानेवर शिंपल्याच्या कोंदणांत जिमी रॉजर्सचें पूर्ण नांव जडविलेलें, आणि पाठीवर ‘आभारी आहें’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेला. गाणें संपून टाळ्या पडल्या म्हणजे जिमी गिटार उलटी करून श्रोत्यांना तो दाखवीत असे. विधवेनें पतीचें असें वाद्य, ज्याचें अजून कांहींच नांव झालेलें नाहीं अशा पोराच्या हवालीं करावें, याचा अर्थ मी बराच काळ शोधीत होतों. केवळ दया म्हणावी तर ती एक जुना कोट देऊनहि करतां आली असती. मला असें वाटतें कीं, नवऱ्याचें गाणें तबकडींत बंद होऊन पडलेलें तिला पाहवत नव्हतें. जिवंत गळ्यांतून तें पुन्हां ऐकावें, एवढीच तिची आस असावी. म्हणजे त्या क्षणीं त्या घरांत दोन भक्त होते, आणि दोघांनाहि एकच गोष्ट हवी होती: जिमी परत यावा.

ती गोष्ट होणें शक्य नव्हतें. कॅरीनें खटपट करून १९३६ च्या ऑक्टोबरांत टबला व्हिक्टर कंपनीपुढें उभें केलें. गेलेल्या गुरूच्या स्मृतीचीं गाणीं, गुरूच्याच पद्धतीनें, गुरूच्याच गिटारीवर! भक्ताच्या जीवनांतला हा परमोच्च क्षण म्हटला पाहिजे. पण तबकड्या कोणी घेतल्या नाहींत. घेतील तरी कशाला? ज्याला जिमी हवा होता त्याच्याजवळ जिमीच्या तबकड्या होत्या. हुबेहूब नकलेचें दुर्दैव असें कीं, ती जितकी साधते तितकी तिची गरज उरत नाहीं.

आणि मग १९३९ सालीं टबच्या घशांतल्या गांठी, ज्यांना टॉन्सिल म्हणतात, त्या डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेनें काढल्या. जखम भरली, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नाहीं. तो जाड झाला, खालीं उतरला. ती उडी, तो योडल, जी गोष्ट अकरा वर्षें त्यानें जपासारखी घोटली होती, ती गळ्यांतून कायमची नाहींशी झाली.

हें वाचतांना एकलव्य आठवणार नाहीं असा मराठी माणूस विरळाच. तेथें मातीची मूर्ति, येथें तबकडी आणि तसबीर; तेथें अंगठा, येथें कंठ. परंतु साम्य येथेंच संपतें, आणि मला महत्त्व वाटतें तें भेदाचें. एकलव्याचा अंगठा मागून घेतला गेला, आणि त्याची विद्या तेथें खुंटली. टबजवळ कोणीं कांहीं मागितलें नव्हतें; झालें तें शस्त्रवैद्याच्या हातून झालें; आणि त्याची विद्या त्या दिवसापासून सुरू झाली. योडल गेल्यावर जिमीचीं पुष्कळशीं गाणीं त्याला गातां येईनात. मग गावयाचें काय? निरुपायानें तो स्वतःचीं गाणीं अधिकाधिक रचूं लागला, आणि राहिलेल्या आवाजांत, जेवढा जमेल तेवढा सूर लावून, जवळजवळ बोलल्यासारखीं म्हणूं लागला. १९४० सालीं डेक्का कंपनीनें त्याला घेतलें. दारूच्या गुत्त्यांतून पैसे टाकून तबकडी वाजविण्याचीं यंत्रें तेव्हां सर्वत्र झालीं होतीं. तीं चालविणाऱ्या एकानें त्याला सांगितलें कीं, संध्याकाळीं गर्दी वाढली म्हणजे तुमची साधी गिटार गोंगाटांत बुडून जाते. टबनें विजेवर चालणारी गिटार साथीला घेतली. एप्रिल १९४१ मध्यें त्यानें ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ हें स्वतःचें गाणें दिलें, आणि तें देशभर गाजलें. त्यांत जिमीची एकहि लकब नाहीं. त्या विजेच्या गिटारीच्या पाठोपाठ गुत्त्यांत वाजणाऱ्या कंट्री संगीताची एक नवी शाखाच उभी राहिली.

असें घडलेला तो एकटाच नव्हता. पुढें चित्रपटांतला गाणारा घोडेस्वार म्हणून जगप्रसिद्ध झालेला जीन ऑट्री १९३० च्या आगेमागे जिमीचींच गाणीं जिमीच्या आवाजांत हलक्या किंमतीच्या तबकड्यांवर गात होता. त्यानें तो अंगरखा वेळींच उतरविला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांतला हँक स्नो, जो टबच्याच वर्षीं जन्मला, त्यानें तर १९३६ सालीं झालेल्या आपल्या मुलाचें नांवच जिमी रॉजर्स स्नो असें ठेवलें. पण सर्वांत विलक्षण उदाहरण मिसिसिपींतल्या चेस्टर बर्नेट या कृष्णवर्णी गायकाचें. जन्म १९१०, जग त्याला ‘हाउलिन् वुल्फ’, म्हणजे हेल काढून ओरडणारा लांडगा, या नांवानें ओळखतें. तोहि जिमीवर लुब्ध होता. योडल आपल्याला कांहीं केल्या साधेना, म्हणून आपण लांडग्यासारखा हेल काढूं लागलों, असें तो सांगे. तोच हेल पुढें ब्लूज संगीतांतला एक अविस्मरणीय आवाज ठरला.

या उदाहरणापाशीं क्षणभर थांबलें पाहिजे, कारण जिमीचे बहुतेक चाहते या ठिकाणीं डोळे मिटून घेत. मिसिसिपींत त्या काळीं गोरे आणि काळे यांच्या शाळा वेगळ्या, डबे वेगळे, पाणी पिण्याचे नळसुद्धां वेगळे. जिमीनें आपल्या गाण्याचा कणा ज्यांच्याकडून उचलला, त्या रुळांवरच्या मजुरांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. १९३० च्या जुलैमध्यें लुई आर्मस्ट्राँग या थोर कृष्णवर्णी तुतारीवादकानें हॉलिवुडांत त्याच्या एका गाण्याला साथ केली. तबकडीच्या कागदावर आर्मस्ट्राँगचें नांव छापलें गेलें नाहीं. यांत जिमीचा दोष किती आणि व्यापाऱ्यांचा किती, याचा निवाडा मी करीत नाहीं. परंतु ज्यांच्यापासून गाणें घेतलें त्यांच्याच एका मुलानें तें तबकडीवरून ऐकावें, त्याच्यावर जीव टाकावा, आणि त्याची नक्कल न साधल्यामुळें त्या गाण्याला पुन्हां आपलें रूप द्यावें, हा फेरा न्यायाधीशाला जुळवितां आला नसता.

टबकडे परत येतों. नांव झाल्यावर या माणसानें काय केलें, त्यावरून त्याची भक्ति ओळखावी. नॅशव्हिलचें डब्ल्यू. एस. एम. हें नभोवाणी केंद्र ५०,००० वॅटचें. रात्रीं त्याचा आवाज कितीतरी संस्थानांत पोहोंचे. तेथें गाणें ऐकून लोक त्याला सांगत कीं, आमच्या खेड्यांत तबकडी मिळतच नाहीं. शहरांतील दुकानदार तें गांवढळ गाणें ठेवीत नसत. टबला आपलें पोरपण आठवलें असेल. मे १९४७ मध्यें त्यानें नॅशव्हिलमध्यें तबकड्यांचें दुकान उघडलें. त्याची मुख्य कामगिरी मागणी येईल त्या खेड्यांत टपालानें तबकडी पाठविण्याची. शनिवारीं मुख्य जलसा आटोपला कीं मध्यरात्रीं त्याच दुकानांतून नभोवाणीवर दुसरा कार्यक्रम होई, आणि त्यांत ज्यांना कोणी ओळखत नाहीं अशा नवशिक्यांना तो गावयास उभें करी. खाणमजुराची मुलगी लोरेटा लिन ही १९६० सालीं तेथें गायिली. ती पुढें किती मोठी झाली तें सर्वश्रुत आहे. हँक स्नोला ऑप्रींत जागा मिळावी म्हणून टबनें रदबदली केली, आणि जानेवारी १९५० मध्यें ती मिळाली. दोघांची ओळख कशावर झाली? अर्थात् जिमीवर. आपल्या गाण्याला ‘हिलबिली’ हा हेटाळणीचा शब्द लावूं नये, ‘कंट्री’ म्हणावें, असा आग्रहहि टबनें डेक्का कंपनीकडे धरला होता. १९४९ सालीं ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकानें आपल्या खपाच्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असें नांव दिलें.

२६ मे १९५३ रोजीं, जिमीला जाऊन बरोबर वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, टब आणि स्नो यांच्या पुढाकारानें मेरिडियन गांवीं मोठा सोहळा झाला. स्मारक उभें राहिलें. जवळच वाफेचें एक जुनें इंजिन आणून ठेवलें. हजारों माणसें लोटलीं. कॅरीहि तेथें होती. तिच्या मनांत त्या दिवशीं काय आलें असेल, हें इतिहासाच्या पानांत मिळावयाचें नाहीं.

आणि एक हकीकत मेरिडियनपासून हजारों मैलांवरची. आफ्रिकेंतील केनिया देशांत किप्सिगिस नांवाचे गुरेंपाळणारे लोक आहेत. गोऱ्यांच्या बरोबर तेथें ग्रामोफोन आले, आणि त्यांच्याबरोबर जिमीच्या तबकड्या. शब्द कोणाला कळत नव्हते. १९५० सालीं ह्यू ट्रेसी हा लोकसंगीताचा संग्राहक तेथें गेला, तेव्हां गांवच्या मुलींनीं त्याला ‘चेमिरोचा’चें गाणें गाऊन दाखविलें. ‘जिमी रॉजर्स’ या नांवाचा तो त्यांच्या जिभेवरचा अवतार. आणि हा चेमिरोचा अर्धा मनुष्य, अर्धा हरिण आहे असें त्या मानीत. त्या मुलींना जिमीचा क्षय ठाऊक नव्हता, रेल्वे ठाऊक नव्हती. मनुष्याचा आवाज मध्येंच असा झेप कां घेतो, एवढ्याच प्रश्नाचें उत्तर त्यांनीं आपल्या रानांतल्या चपळ जनावराकडे पाहून दिलें होतें. जिमीवर झालेल्या टीका मीं बऱ्याच वाचल्या. इतकी नेमकी एकहि वाचली नाहीं.

राहिली ती गिटार. टबनें ती सुमारें चाळीस वर्षें वापरली. या काळांत तो स्वतः इतका प्रसिद्ध झाला कीं, मानेवरचीं शिंपल्याचीं अक्षरें काढून तेथें आपलें नांव बसविलें असतें तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. तसें त्यानें केलें नाहीं. प्रत्येक जलशांत श्रोत्यांकडे तोंड करून असलेलें नांव दुसऱ्याचें असे, आणि आवाज त्याचा. आभाराचा शब्द मात्र त्यानें आपल्या दुसऱ्या गिटारींच्या पाठीवरहि लिहून घेतला होता, आणि गाणें संपलें कीं तोहि जिमीप्रमाणेंच ती उलटी करून धरी. उतारवयांत त्यानें जिमीची गिटार त्याच्या स्मारक-संग्रहालयासाठीं मेरिडियनला परत पाठवून दिली.